जर्मनीतला नाताळ, घरात दोन लहान मुलं आणि २४ डिसेंबरनंतरचे बंद दिवस – तुम्ही काय करता?

अबोली_१२ | १ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आम्ही न्युर्नबर्गच्या बाजूला एर्लांगनला राहतो, मोठी मुलगी साडेपाचची आणि धाकटा अडीचचा, दोन्हीकडचे आजीआजोबा सांगली आणि पुण्यात. इथे तीन वर्षं झाली पण मागचे दोन्ही नाताळ आम्ही भारतात होतो त्यामुळे इथला नाताळ खऱ्या अर्थाने पहिल्यांदाच बघतोय.

आत्तापर्यंतचं सगळं खूप छान चाललंय खरं तर. शुक्रवारी २८ला न्युर्नबर्गचा ख्रिस्टकिंडलेसमार्क्ट, म्हणजे नाताळचा बाजार, सुरू झाला तेव्हा आम्ही गेलो होतो. साडेपाचला चौकातले सगळे दिवे बंद करतात, मग फ्राउएनकिर्श चर्चच्या सज्जात सोनेरी कुरळ्या केसांची आणि सोनेरी मुकुटवाली ख्रिस्टकिंड (इथली नाताळची परी) येते आणि वरून बोलते. एवढी गर्दी की मोठीला नवऱ्याच्या खांद्यावर बसवलं तेव्हा कुठे तिला दिसलं, पण तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरा विषय नाही. घरी २४ छोट्या कापडी पिशव्यांचं कॅलेंडर दोरीवर लटकवलंय, रोज सकाळी एक उघडायची. काल पहिला आगमन रविवार (नाताळआधीच्या चार रविवारांतला पहिला) म्हणून हिरव्या चक्रावरची पहिली मेणबत्ती पण लावली.

आता खरा प्रश्न. गेल्या आठवड्यात किटामध्ये (इथली बालवाडी) सकाळच्या गोलात बाईंनी सगळ्यांना विचारलं की २४ला तुमच्याकडे कोण कोण येणार. कुणाची ओमा (आजी), कुणाचे ओपा (आजोबा), कुणाचे मामा-मावश्या, कुणाची चुलत भावंडं. हिने सांगितलं "कोणी नाही". मी तिला न्यायला गेल्यावर बाईंनी मला सांगितलं, आणि रात्री झोपताना तिने मला विचारलं, आई आपल्याकडे कोण येणार? मी म्हटलं आपण चौघं आहोत की. तर म्हणाली, आपण तर इथेच राहतो, येणार कोण?

मला त्या रात्री झोप लागली नाही.

ह्यावेळी २४ बुधवार आहे, दुपारी दोनला दुकानं बंद, २५-२६ सुट्टी, २७ शनिवारी दुकानं उघडतील, २८ परत रविवार. किटा तर ६ जानेवारीपर्यंत बंदच. नवऱ्याची २५ला ड्युटी आहे. सूर्य सव्वाचारला मावळतो. दोन मुलांना घेऊन ह्या दिवसांत घर भरल्यासारखं कसं वाटू द्यायचं? गिफ्टच्या आयडिया नकोत, त्या खूप मिळतात. तुमच्या घरी तुम्ही नक्की काय करता ते सांगा प्लीज.

---

सरिता_लंडन | १ डिसेंबर, रात्री ११:५५

अबोली, मिठी तुला. आमच्याकडे लंडनला २५ला ट्यूब नाही, ट्रेन नाही, बस नाही, गाडी नसेल तर तुम्ही जिथे आहात तिथेच. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं आणि मैत्रिणीकडे जायचं ठरवून बसलो होतो. मुलगा तेव्हा चारचा होता आणि बूट घालून दारात तयार. शेवटी आम्ही नुसतेच चालत सुटलो, पाऊण तास, एकदम रिकामे रस्ते, मधोमध चाललो तरी चालत होतं. त्याला ते एवढं आवडलं की आता दर वर्षी २५ला सकाळी आम्ही 'रिकाम्या रस्त्यावर' चालायला जातो. थर्मासमध्ये बोर्नव्हिटा आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या.

माझा अनुभव असा की लहान मुलांना दिवस कशाने तरी ओळखता आला पाहिजे. मोठं काही लागत नाही, पण दर वर्षी तेच लागतं.

---

मुकुंदकाका | २ डिसेंबर, सकाळी ७:१०

त्या चार मेणबत्त्यांच्या चक्राची गोष्ट मुलीला जरूर सांगा. आम्ही हॅम्बुर्गला बरीच वर्षं काढली म्हणून मला माहीत. तिथे योहान हिनरिश विशर्न म्हणून पाद्री होते, गरीब मुलांसाठी संस्था चालवायचे. मुलं रोज विचारायची नाताळ कधी, किती दिवस राहिले? म्हणून १८३९ साली त्यांनी एका जुन्या गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या ४ मोठ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लहान, रोज एक पेटवायची. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता, म्हणजे ४ मोठ्या आणि २० लहान. पुढे घराघरात फक्त चार मोठ्या उरल्या. म्हणजे बघा, ज्यांच्या घरी कोणी येणार नव्हतं अशाच मुलांसाठी ते सुरू झालं होतं.

अडीच वर्षांचं पोर घरात आहे म्हणून एक सांगतो. झाड आणणार असाल तर ते भिंतीतल्या खिळ्याला दोरीने बांधा, खालच्या फांद्यांना फक्त गवताच्या चांदण्या आणि कागद, काचेचे गोळे वर. बुंध्याला रोज पाणी घाला, हीटरमुळे झाड वाळतं. आणि खऱ्या मेणबत्त्या झाडावर नकोच, जर्मन लोक लावतात म्हणून आपण लावू नये.

---

न्यू_जर्सीकर | २ डिसेंबर, सकाळी ८:२०

जरा अवांतर. आमची सातची आहे आणि ह्या वर्षी तिने थेट विचारलं सांता खरा आहे का, खरं सांग. मी खरं सांगितलं. ती रडली नाही, फक्त म्हणाली मग दादाला सांगू नकोस. दादा म्हणजे चुलत भाऊ, तो नऊचा! तुमच्याकडे काय सांगता मुलांना?

---

अबोली_१२ | २ डिसेंबर, दुपारी १:०५

@मुकुंदकाका, ही गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, आज रात्रीच सांगते. झाडाचं पण लिहून घेतलं.

@न्यू_जर्सीकर, आमच्या ह्या भागात सांतापेक्षा ख्रिस्टकिंड, तीच भेटवस्तू आणते. २४च्या संध्याकाळी दिवाणखान्याचं दार बंद करतात, आत घंटी वाजते आणि मुलं आत जातात तोवर ती उडून गेलेली असते, खिडकी उघडी. शिवाय ५ डिसेंबरच्या रात्री बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायचे, ६ला सकाळी संत निकोलाउस त्यात संत्री, अक्रोड, चॉकलेट ठेवून जातो. मी ठरवलंय की तिने स्वतःहून विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण तिने विचारेपर्यंत तिचं काढून घ्यायचं नाही. सध्या तिचा प्रश्न एवढाच आहे की ख्रिस्टकिंडला मराठी येतं का. योगायोग म्हणजे २०१९ला न्युर्नबर्गची ख्रिस्टकिंड म्हणून जी मुलगी निवडली गेली तिचे वडील मूळचे भारतातले. काही लोकांनी तिच्या दिसण्यावरून ऑनलाइन वाईट लिहिलं होतं आणि शहर तिच्या बाजूने उभं राहिलं. हे मी मोठीला ती जरा मोठी झाली की सांगणार आहे.

---

रोखठोक | २ डिसेंबर, दुपारी ३:३०

राग मानू नका, मनापासून विचारतोय. आपला सण नसताना एवढा जीव का काढायचा? तीच मेहनत दिवाळीला केली तर मुलांना आपलं काय ते कळेल. परदेशातली पिढी अशीच हातातून जाते असं मला वाटतं आणि त्याचं वाईट वाटतं.

---

अबोली_१२ | २ डिसेंबर, रात्री ९:५०

राग नाही आला, मी पण हा विचार केलाय. दिवाळी आम्ही करतो हो. पहाटे साडेपाचला उठवून उटणं लावून अंघोळ, औक्षण, आणि साडेसातला स्नोसूट घालून किटा. तिला दिवाळी माहीत आहे, आवडते पण. पण दिवाळीला सगळं गाव चालू असतं आणि आम्ही चौघं सण करत असतो. नाताळात उलट आहे, सगळं गाव दार लावून घरात असतं आणि आम्हीच तेवढे बाहेर. ह्यातलं दुसरं पाच वर्षांच्या मुलीला जास्त लागतं. मला तिला हे सांगायचं नाहीये की तो त्यांचा सण आहे, तू लांबून बघ.

---

वसईवाली | २ डिसेंबर, रात्री ११:१५

रोखठोक दादा, 'आपला' म्हणजे कुणाचा? मी वसईची, ख्रिस्ती, घरात मराठीच, आमची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) मराठीत, नाताळची गाणी मराठीत. आमच्या शेजारच्या जोशीकाकू नाताळाच्या ताटाची वाट बघायच्या आणि आम्ही त्यांच्या चकल्यांची. ताट कधी रिकामं परत आलं नाही. तेव्हा हा सण मराठी माणसाला परका नाही एवढंच सांगायचं होतं, भांडण नाही.

अबोली, तुला आमच्या घरचं सांगते, त्यातलं जे जमेल ते उचल.

एक, येशूजन्माचा गोठा. पुठ्ठ्याचं खोकं चालेल. १२-१३ डिसेंबरला एका ताटलीत माती किंवा नुसता ओला कापूस पसरून गहू पेर, रोज पाणी शिंपडायला मुलांना लाव. घटाला आपण धान पेरतो ना, अगदी तसंच. २४पर्यंत बोटभर हिरवं गवत येतं, ते गोठ्याभोवती ठेवायचं. आमच्याकडे गव्हाणी २४च्या रात्रीपर्यंत रिकामी असते, बाळ नंतर ठेवतात. लहानपणी मी दर तासाला जाऊन बघायचे की कुणी आधीच ठेवलं तर नाही. बाळ ठेवायचा मान घरातल्या सगळ्यात लहानाचा.

दोन, कलकल. हे तर लहान मुलांसाठीच केलेलं आहे असं मला वाटतं. पाव किलो मैदा, दोन चमचे गरम तूप, चार चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एक अंडं आणि लागेल तसं नारळाचं दूध, पुरीपेक्षा थोडं मऊ मळायचं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेव. मग गोटीएवढा गोळा काट्या-चमच्याच्या पाठीवर दाबून चपटा करायचा आणि एका बाजूने गुंडाळत आणायचा, शंखासारखा आकार येतो. आमच्याकडे नवा कंगवा फक्त ह्यासाठी आणायचे. मंद आचेवर तळायचे, मोठी आच केली की बाहेरून लाल आणि आत कच्चे. तळण तुझं, वळणं त्यांचं. अडीच वर्षांचा नुसता पीठ थापेल, थापू दे.

पण खरी गोष्ट ही की कलकल एकट्याने करायची गोष्टच नाही. वर्तमानपत्रं पसरून आत्या, काकी, आजी, आम्ही सगळी पोरं गोल बसायचो, आणि तोंडं चालू. दोन माणसांत कंटाळा येतो. माणसं बोलव.

---

गोंयकान्न | ३ डिसेंबर, सकाळी ९:४०

वसईवालीला अनुमोदन. आमच्याकडे गोव्यात कोन्सुआदची ताटं शेजारीपाजारी फिरतात, नेवऱ्या, दोदोल, कलकल. ताट न्यायचं काम पोरांचं. आम्ही हिंदू, पण मम्मी दिवाळीला शेजारच्या तियेकडे फराळ पाठवायची आणि नाताळाला तिकडून यायचं. तुमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरी तरी मुलीच्या हातून वाटी पाठवा. ती म्हणते ना कोण येणार, तर आधी तिला कुणाकडे तरी जाऊ दे.

---

पूर्वा_म्युनिक | ३ डिसेंबर, रात्री ८:३०

प्रॅक्टिकल गोष्टी, कारण आम्ही दोन वर्षांपूर्वी फसलो होतो. २४च्या दुपारी मुलाला ताप १०३ आणि घरात तापाचं औषध संपलेलं. तर २३लाच तापाचं सिरप, नाकाचे थेंब, ओआरएस बघून ठेव. डॉक्टर बंद असतात तेव्हा ११६११७ वर फोन करायचा, ते जवळचा चालू दवाखाना सांगतात, आणि खरंच इमर्जन्सी असेल तर ११२. औषधाची दुकानं आळीपाळीने एक चालू असतं, ते दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. दूध, अंडी, डायपर पण पाच दिवसांचं आण.

आणि २४ला दुपारी तीन-चारच्या सुमारास बऱ्याच चर्चमध्ये लहान मुलं गोठ्याचं नाटक करतात, कुणीही जाऊन बसू शकतं, कुणी विचारत नाही तुम्ही कोण. रडलं पोर तरी चालतं, तिथे सगळीच रडत असतात. आमच्याकडे आता २४ची सुरुवात तिथूनच होते.

क्राम्पुसच्या (राक्षसासारखं सोंग) मिरवणुकीला मात्र एवढ्या लहान मुलांना नेऊ नकोस. शिंगं, केसाळ कातडी, साखळ्यांचा आवाज. माझा मुलगा त्यानंतर महिनाभर एकटा बाथरूममध्ये गेला नाही.

---

उनाड_पाखरू | ४ डिसेंबर, रात्री १२:२०

मी इथे फक्त वाचत असतो, पहिल्यांदाच लिहितोय. मी एर्लांगनलाच मास्टर्स करतो, मूळ कोल्हापूर. धागा मुलांचा आहे त्यामुळे माझं लिहिणं अवांतर होईल, पण तुम्ही बंद दिवसांचं लिहिलंय म्हणून राहवलं नाही. मागच्या वर्षी २४ ते २६ मी हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर एकटा होतो. सगळे जर्मन घरी गेलेले, मेस बंद, लायब्ररी बंद. मी २५ला दोन वेळा मॅगी खाल्ली आणि घरी आईला सांगितलं मित्रांकडे जेवलो. घरी पुतणी आहे चार वर्षांची, तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा कॅमेरा भिंतीकडे ठेवला होता. ह्या वर्षी आम्ही तिघं आहोत, एक नागपूरची आणि एक केरळचा, त्यामुळे ठीक आहे.

लहान मुलांचं काही सांगता येणार नाही मला, पण सण असा बंद दाराबाहेरून बघायचं काय ते मला माहीत आहे. मुलीला शुभेच्छा.

---

अबोली_१२ | ४ डिसेंबर, सकाळी ६:५०

@उनाड_पाखरू, व्यनि (खाजगी निरोप) बघा. तिघांनी या. २४ला दुपारी.

---

वसईवाली | ४ डिसेंबर, सकाळी १०:००

आता पीठ पाव किलोने होणार नाही, अर्धा किलो घे.

---

अबोली_१२ | १४ डिसेंबर, रात्री १०:१५

छोटी अपडेट. निकोलाउसला मोठीने आमच्या चौघांचे बूट घासले, धाकट्याच्या बुटात संत्रं मावेना म्हणून त्याने ते हातात धरून दिवसभर फिरवलं. गहू पेरलाय, रोज पाणी जरा जास्तच होतंय. 'तिघं येणार' हे किटामध्ये सांगून झालंय, बाईंना नावं पण सांगितली. त्यातलं केरळचं नाव ती मला शिकवते. गोंयकान्नच्या सांगण्यावरून खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे ती एकटी वाटीभर शंकरपाळे घेऊन जाऊन आली, वाटी परत आली ती घरच्या बिस्किटांनी भरून. ती म्हणे, आई, रिकामी नाही आली!

---

अबोली_१२ | २७ डिसेंबर, सकाळी ११:२०

लिहायला उशीर झाला, झोप काढली. २४ला सकाळी धाकट्याचं नाक वाहत होतं, पूर्वाचे थेंब कामी आले. साडेतीनला चर्चमधलं नाटक, त्यात एक मेंढी झालेली मुलगी मध्येच आईकडे पळाली, तेवढंच धाकट्याला आठवतंय. घरी आलो तर तिघं दारात, कोल्हापूरहून आलेली चटणी आणि केरळच्या मुलाने स्वतः भाजलेला केळ्याचा केक घेऊन.

वर्तमानपत्रं पसरली आणि सगळे खाली बसलो. मला वाटलं होतं मुलं लाजतील. पाच मिनिटांत धाकटा नागपूरच्या ताईच्या मांडीवर होता आणि मोठी सगळ्यांना काट्यावर कसं गुंडाळायचं ते शिकवत होती, जशी काही ती जन्मभर कलकलच करतेय. अर्धा किलोचे कलकल वळायला पावणेदोन तास लागले. वसईवाली, तुझं बरोबर होतं, दोघांत मी तासाभरात हात झटकले असते. पहिला घाणा लाल झाला, मग आच कमी केली. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, बाकी काही केलं नव्हतं. गव्हाणीत बाळ धाकट्याने ठेवलं आणि लगेच उचलून घेतलं, मग त्याच्याच पांघरुणात झोपवलं. मग बाळ तिथेच राहिलं.

रात्री दहाला ते निघाले तेव्हा दाराबाहेर बूट घालताना कोल्हापूरचा दादा थांबला. त्याच्या दोन्ही बुटांत एकेक संत्रं. बाकी दोघांच्याही. मोठीने जेवण चालू असताना कधीतरी जाऊन ठेवली होती, आम्हाला कुणालाच पत्ता नाही. घरातली सगळी संत्री संपली होती.

२५ला नवरा ड्युटीवर, आम्ही तिघं सरिताच्या रस्त्याने, म्हणजे रिकाम्या रस्त्यावर चालायला गेलो. पुऱ्या पण होत्या.

आता एक नवीन प्रश्न. खालच्या बाई म्हणाल्या ६ जानेवारीच्या आसपास मुलं राजे बनून तारा घेऊन घरोघर येतात. ती आपल्याकडे पण येतील का? मोठीला त्यांना बोलवायचंय.

---

पूर्वा_म्युनिक | २७ डिसेंबर, दुपारी १२:०५

येतील, पण बऱ्याच ठिकाणी आधी चर्चच्या ऑफिसात नाव द्यावं लागतं, सोमवारी फोन कर. गाणं म्हणतात, गरजू मुलांसाठी डब्यात पैसे घेतात आणि दारावर खडूने साल आणि सी, एम, बी अक्षरं लिहून जातात, त्याचा अर्थ ख्रिस्त ह्या घराला आशीर्वाद देवो. खडू पुसू नकोस, वर्षभर राहू देतात. मुलांना काहीतरी खाऊ दिला की खूश होतात.

---

अबोली_१२ | २७ डिसेंबर, दुपारी १२:१०

कलकल एक डबा उरलेत. झाकून ठेवले. आज दुकानं उघडी आहेत तोवर संत्री आणायला जातोय.